मयताच्या कामात नवख्याला शिरकाव कसा मिळतो? (मुंबई)

चिंचपोकळी_लोकल

भाच्यासाठी विचारतोय. वय २२, बारावी झालेला, चारचाकीचं लायसन्स आहे, लालबागला राहतो. घरच्यांची हरकत नाही, तेव्हा 'हेच काम कशाला' हा विषय नको. स्मशानभूमी, शववाहिनी, शवागार, सामानाचं दुकान, नाहीतर हल्लीच्या खासगी अंत्यविधी सेवा, यांतलं नवख्याला कुठे घेतात? जाताना काय शिकून जावं? नेटवर शोधलं की परदेशातले डिप्लोमे दाखवतात. त्यांचा इथे काही उपयोग आहे का?

दुसरीपाळी

डिप्लोमा इथे कुणी विचारत नाही. रात्री दोनला फोन केला तर उचलतो का, आणि चौथ्या मजल्यावरून उतरवताना हात लावतो का, एवढंच बघतात.

सगळ्यात लवकर जागा होते ती शववाहिनीवर मदतनीसाची. ड्रायव्हर एकटा, नातेवाईक भांबावलेले, स्ट्रेचरचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. सेवाभावी संस्था, मंडळं, खासगी अ‍ॅम्ब्युलन्सवाले, सगळ्यांकडे गाड्या असतात. केईएम, शीव, नायर, कूपर अशा मोठ्या रुग्णालयांजवळ बघा, गाडीवरच नंबर रंगवलेला असतो. ड्रायव्हरशी बोलण्यात वेळ घालवू नका, थेट मालकाला किंवा संस्थेच्या कार्यालयात विचारा.

लायसन्सबद्दल: ७५०० किलोपेक्षा कमी वजनाच्या व्यावसायिक गाडीला साधा एलएमव्ही (हलक्या गाडीचा) परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. तरी काही मालक विम्याच्या भीतीने ट्रान्सपोर्टचा शेरा मागतात. वाद घालण्यापेक्षा करून घेतलेला बरा.

दुसरी वाट सामानाच्या दुकानाची. पगार बेताचा, पण शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही. गिऱ्हाईक 'मयताचं सगळं सामान द्या' एवढंच म्हणतं, 'सगळं' म्हणजे काय ते तुम्ही विचारून काढायचं. पुरुष की बाई, सवाष्ण आहे का, कुठला समाज, लाकडावर की विद्युतदाहिनीत, अग्नी देणारा कोण. सवाष्णीला हिरवी साडी-चोळी, हळदीकुंकू लागतं. लिंगायत, गोसावी यांच्यात पुरतात, तिथे तिरडीच लागत नाही. हे न विचारता गठ्ठा बांधून दिला की अर्ध्या तासात तेच लोक तावातावाने परत येतात.

माई_भांडुप

तिरडी बांधायची पद्धत लिहा ना कोणीतरी. मुलाखतीत नाही विचारत, पण पहिल्याच दिवशी करायला सांगतात.

दुसरीपाळी

दोन सरळ बांबू, माणसाच्या उंचीपेक्षा निदान दीड फूट लांब, म्हणजे खांदेकऱ्यांना दोन्हीकडे धरायला जागा राहते. आडव्या कामट्या सारख्या अंतरावर मारू नयेत. वजन पडतं खांद्यांखाली आणि कमरेखाली, तिथे जवळजवळ, पायाकडे विरळ चालतात. रुंदी खांद्यांपुरतीच ठेवा. चाळीचा जिना वळणावर अरुंद असतो, रुंद तिरडी तिथे अडकते आणि मग ती उभी करावी लागते, ते दृश्य घरच्यांना बघवत नाही. म्हणून आधी जिना बघायचा, मग बांबू कापायचे.

गाठी सुतळीच्या किंवा काथ्याच्या. नायलॉनची दोरी नको. गाठ सरकते आणि उष्णतेने वितळून चिकटते. सुतळी थोडी ओली करून आवळली तर सुकल्यावर घट्ट बसते. बांधून झाली की दोघांनी दोन टोकांना धरून जमिनीपासून वीतभर उचलायची आणि मधे हाताने दाबायचं. करकर आवाज आला तर कुठली तरी गाठ सैल आहे.

कागदपत्रे

बांबू-सुतळी आठवड्याभरात येते. या धंद्यात माणूस टिकतो तो कागद कळले म्हणून. ज्याला कागद कळतात त्यालाच खासगी सेवावाले समन्वयक म्हणून घेतात, बाकीचे स्ट्रेचरच उचलत राहतात. म्हणून भाच्याने हे आधी पाठ करावं.

रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टर फॉर्म ४ देतात, घरी झाला तर उपचार करणारे डॉक्टर फॉर्म ४ए. दोन्ही मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय दाखले. ते आणि मयताचं व अर्जदाराचं आधार घेऊन स्मशानभूमीच्या कार्यालयात जायचं. तिथला कारकून नोंद करून पावती देतो. ही पावती हरवली की पुढे वॉर्ड ऑफिसात फेऱ्या. मिळाल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढायचा आणि मूळ पावती घरातल्या एकाच माणसाकडे द्यायची, कोणाकडे दिली ते बोलून दाखवायचं.

कायद्याने मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद होते मृत्यू जिथे झाला तिथे. परळला वारले आणि अग्नी चिपळूणला दिला तरी नोंद मुंबईतच, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. हे माहीत नसल्याने कोकणातल्या किती घरांचे विम्याचे दावे रखडतात.

चुका कुठे होतात ते सांगतो. पहिली, नावाचं स्पेलिंग. रुग्णालयाने भरतीच्या वेळी जे लिहिलं तेच फॉर्म ४ वर उतरतं, आधारवर वेगळं असतं. शवागारातून निघायच्या आधी दोन्ही कागद शेजारी धरून अक्षर न् अक्षर वाचायचं. तिथेच दुरुस्त झालं तर पाच मिनिटं, दाखला निघाल्यावर प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. दुसरी, कारणाच्या रकान्यात नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली'. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं, ते मृत्यूचं कारण नव्हे. मुळाचा आजार लिहिलेला हवा, नाहीतर निबंधक हरकत घेऊ शकतात. तिसरी, डॉक्टरांची सही आहे पण नोंदणी क्रमांक किंवा शिक्का नाही. रविवारी दुपारी हे लक्षात आलं की डॉक्टर सापडत नाहीत.

गोखले_रोड

घरी वारलेल्या माणसाला लोक आधी कॅज्युअल्टीत नेतात आणि मग पोस्टमॉर्टेममध्ये अडकतात, त्याचं काय?

कागदपत्रे

जीव आहे की नाही अशी तसूभर शंका असली तरी रुग्णालयच. यात दुसरं मत नाही.

पण दीर्घ आजारी, वयोवृद्ध, डॉक्टरांनी कल्पना दिलेली, असा मृत्यू घरी झाला तर नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलवावं. ते तपासून फॉर्म ४ए देऊ शकतात. मृतावस्थेत रुग्णालयात नेलं तर तिथल्या डॉक्टरांना पूर्वेतिहास माहीत नसतो, ते बहुधा पोलिसांना कळवतात, मग एडीआर (अपघाती मृत्यूची पोलीस नोंद), पंचनामा, शवविच्छेदन. पडून, भाजून, विषाने, गळफासाने, अपघाताने किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांना टाळायचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी 'जमवून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे किंवा एजंटाकडे पोराने कुटुंबाला कधीही पाठवू नये. खोट्या दाखल्यात मध्यस्थही आत जातो.

पोलीस केस असेल तर देह ताब्यात घ्यायला पोलिसांचं पत्र लागतं. ते हातात पडेपर्यंत गाडी बोलावू नका, वेटिंगचा भुर्दंड कुटुंबावर पडतो.

माई_भांडुप

शवागाराबद्दल. महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत शवागारातली पदं चतुर्थ श्रेणीत येतात. भरती जाहिरात काढूनच होते, महापालिकेची जाहिरात तिच्या संकेतस्थळावर बघावी. खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ अशी वयोमर्यादा साधारण असते, आणि मराठी लिहिता-वाचता येणं धरलेलंच. जाहिरात कधी येईल त्याचा भरवसा नाही, त्यामुळे त्यावर विसंबून घरी बसू नये. खासगी रुग्णालयांत हे काम हाउसकीपिंगच्या कंत्राटातून होतं. आधी वॉर्डबॉय म्हणून घेतात आणि शवागाराला कोणी तयार नसलं की विचारतात. अर्ज करतानाच 'शवागारात काम करायची तयारी आहे' असं लिहिलं तर त्याचा अर्ज वर येतो.

काम काय असतं? वॉर्डातून आणणं, टॅग तपासणं, नोंदवहीत वेळ लिहिणं, खणात ठेवणं, ताब्यात देणं. शीतगृह साधारण ४ अंशांवर असतं. खणाचं दार नीट बसलं नाही की बर्फ धरतो, तापमान चढतं आणि सकाळी वास. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तापमापक बघून आकडा वहीत लिहायचा, अंदाजाने नाही.

या कामात सगळ्यात मोठी चूक एकच, देह बदलून जाणं. ती होते ती टॅग फक्त कापडावर बांधल्याने. टॅग घोट्याला हवा आणि दुसरा आवरणावर. ताब्यात देताना नातेवाइकाला चेहरा दाखवायचा, त्याने ओळखलं की मगच सही. गर्दी आहे, रडारड आहे, म्हणून चेहरा न दाखवता दिलं, तिथेच घोळ होतो.

कामावर जायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करावी. तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. धनुर्वाताचीही घ्यावी. शवविच्छेदनाच्या खोलीत क्षयाचा धोका खरा असतो, तिथे साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, एन-९५ मागून घ्यावा. हातमोजे नुसते घालायला नव्हे, काढायलाही शिकावं लागतं. बाहेरची बाजू कातडीला न लावता उलटे करत काढायचे आणि लाल पिशवीत टाकायचे.

घरी वारलेल्यांसाठी पोराला हे माहीत हवं. ताठरपणा दोन-चार तासांत जबड्यापासून सुरू होतो, मुंबईच्या उकाड्यात लवकरच. त्याच्या आत डोळे मिटायचे, हनुवटीखालून पट्टी बांधायची, हात-पाय सरळ करायचे, पायाचे अंगठे एकत्र बांधायचे. उशीर झाला तर जोर लावायचा नाही. अंगावरचे दागिने घरातल्या दोघांसमोर काढून एकाच्या हातात द्यायचे. आणि नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन, पंखा बंद, डोक्याखाली उशी, पापण्यांवर ओला कापूस. कुटुंबाला हे सुचत नाही. हळूच एकदा विचारावं, नाही म्हणाले तर परत विषय काढू नये.

खडूस_काका

आता पैशाचं बोलू, कारण इथे सगळे सेवाभावाचं गाणं गातात.

कंत्राटदाराकडे लागलात तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी मागा: नियुक्तिपत्र, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) आणि ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) क्रमांक. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीत तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. पीएफला दोघांचे १२-१२ टक्के. पगारातून कापतात आणि भरत नाहीत हा जुना खेळ आहे. यूएएन मोबाइलशी जोडून पासबुक स्वतः बघायचं. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा पगार हलला नाही तर विचारा. कंत्राटदाराने बुडवलं तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हे तिथल्या अधिकाऱ्याला लेखी कळवलं की बऱ्याचदा गाडी हलते.

'महापालिकेत स्मशानात कायम करून देतो, दोन लाख दे' म्हणणारे भेटतील. चहा प्या आणि निघा.

कुटुंबाकडून चहापाणी मागणं ही या कामातली जुनी कीड. लाकूड महापालिकेच्या स्मशानात हिंदू अंत्यविधीला मोफत मिळतं, साधारण ३०० किलो, आणि त्यावरच 'सुकं लाकूड देतो' म्हणून पैसे उकळणारे असतात. तक्रार झाली की मुकादम सुटतो, नवा पोरगा जातो. रुग्णालयाच्या दारात गाडीवाल्याला गिऱ्हाईक लावून द्यायचं कमिशन, तीच गत. हातच लावू नका.

हे काम पिढ्यान्पिढ्या ठराविक जातींच्या गळ्यात मारलं गेलं, म्हणून त्याची किंमत कमी धरायची सवय अजून गेलेली नाही. पगार ठरवताना मान खाली घालून बसायचं कारण नाही.

चिंचपोकळी_लोकल

काका, स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. स्मशानभूमीत नेमकं काम काय असतं? विद्युतदाहिनी म्हणजे बटण दाबायचं, असं त्याला वाटतंय.

दुसरीपाळी

बटण दाबणं सगळ्यात सोपं. 😀

चंदनवाडी, दादरची भागोजी कीर, शीव, ओशिवरा अशा मोठ्या ठिकाणी पाळ्या असतात. दाहिनी वीज किंवा पीएनजीवर (पाइपच्या गॅसवर). देह आत जायच्या आधी ती तापलेली हवी. पहिल्याला जास्त वेळ लागतो, मागोमागच्यांना विटा तापलेल्या असल्याने कमी. सरासरी तास-दीड तास धरा. वजनदार देहाला जास्त.

आत ढकलायच्या आधीची तपासणी महत्त्वाची. पावतीवरचा क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं, घरच्याने हो म्हणायचं. मग नारळ, काचेची बाटली, प्लास्टिक, चामड्याचा पट्टा, रबर, सलाइनची नळी, सगळं बाहेर. पेसमेकर आहे का हे स्वतः विचारायचं. घरच्यांना ते सांगायचं असतं हेच माहीत नसतं. तो उष्णतेने फुटतो, आतल्या विटा उडतात, शेजारी उभ्या माणसाला इजा होते. असेल तर डॉक्टरांकडून काढून आणल्याशिवाय घ्यायचं नाही, कितीही आरडाओरडा झाला तरी. तूप आणि कापूर वाटीभर ओततात. दार उघडल्यावर तेच भसकन पेटतं आणि ट्रॉली ढकलणाऱ्याच्या तोंडावर येतं. नावापुरतं ठेवून बाकीचं बाजूला करायचं.

दार उघडलं की ट्रॉली एका दमात आत, तिरडी सोडून लगेच बाहेर, दार बंद. रेंगाळलं तर उष्णता निघून जाते आणि विटांना तडे जातात. घरच्यांना किमान दहा फूट मागे उभं करायचं. शेवटचं बघायला पुढे झेपावणारा एक तरी असतोच, त्याच्या बाजूला आपला माणूस उभा ठेवायचा.

नंतर राख. लांब खोऱ्याने सगळी खाली ओढून घेतल्याशिवाय पुढचा देह आत घ्यायचा नाही. बाहेर रांग असते, मुकादम घाई करतो, नवखा खोरं अर्धवट फिरवतो, आणि मग एकाच्या अस्थी दुसऱ्याच्या मडक्यात. कोपऱ्यात राहतात, म्हणून आधी कोपरे, मग मधलं. थंड झाल्यावर मडक्यात, मडक्यावर पावती क्रमांक. खडूने नको, पुसला जातो.

चिमणीतून काळा धूर यायला लागला तर बहुतेक वेळा धूर धुणारा पाण्याचा पंप बंद पडलेला असतो. ऑपरेटरला सांगायचं, आपण उघडायला जायचं नाही.

लाकडावरची चिता वेगळी विद्या. खाली जाड ओंडके, पण हवेला जागा सोडून. नवखे गच्च रचतात आणि मग धूर होतो, जाळ होत नाही. पाय आणि डोकं चितेबाहेर राहता कामा नये. छातीवर आणि मांड्यांवर जाड लाकूड, फटींत बारीक. पावसाळ्यात वरच्या थरातलं लाकूड ओलं असतं, ढिगाच्या आतलं काढायचं आणि खाली गोवऱ्या वाढवायच्या. पूर्ण जळायला तीन-चार तास, अस्थी बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी सावडतात. लहान बाळांना पुरतात, त्याची जागा वेगळी असते, तीही माहीत करून घ्यावी.

पेटीवाला_माहीम

ख्रिस्ती अंडरटेकरकडेही (दफनाची पेटी आणि बाकीची व्यवस्था बघणारे) पोरं घेतात, समाजाचीच हवीत असं नाही. वांद्रे, माहीम, भायखळा भागात दुकानं आहेत. सुतारकाम थोडं येत असेल तर लगेच. पेटीचं माप उंचीवर नाही, खांद्यांच्या रुंदीवर फसतं. टेप घेऊन जायचं, घरच्यांच्या 'साधारण माझ्याएवढे होते' वर जायचं नाही.

कब्रस्तानाची कामं त्या त्या ट्रस्टकडे असतात, आणि गुस्ल (मयताचं स्नान) समाजातलीच माणसं देतात. डुंगरवाडीचे (पारशांच्या अंत्यविधीच्या जागेचे) खांदिये, म्हणजे देह वाहणारे, पारशीच असतात. तिथे अर्ज करून उपयोग नाही.

पैसे बरे मिळतात ते देह विमानाने पाठवायच्या कामात, कारण तिथे चूक परवडत नाही. देशांतर्गत पाठवायचं तर मृत्यूचा कागद, एम्बामिंगचा (देह टिकावा म्हणून आत द्रव भरल्याचा) दाखला, पोलिसांचं ना-हरकत, पेटी बंद केल्याचा दाखला आणि सोबत जाणाऱ्याचं ओळखपत्र. परदेशी असेल तर रद्द केलेला पासपोर्ट, त्या देशाच्या वकिलातीचा कागद आणि आतून जस्ताचा पत्रा लावून झाळलेली पेटी. पेटी करायच्या आधी विमान कंपनीच्या कार्गोला फोन करून लांबी-रुंदी-उंची विचारायची. छोट्या विमानाचं सामानाचं दार लहान असतं, मोठी पेटी परत येते आणि तोवर शेवटचं विमान गेलेलं असतं.

एम्बामिंगला मदतनीस म्हणून शिरता येतं, पण द्रव डॉक्टर किंवा प्रशिक्षित माणूसच सोडतो. शवविच्छेदन झालेल्या देहाला वेळ जास्त लागतो, रक्तवाहिन्या कापलेल्या असतात म्हणून निरनिराळ्या ठिकाणांहून भरावं लागतं. त्या द्रवातल्या फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, आणि ते कर्करोगकारक आहे. हवा खेळती नसलेल्या खोलीत हे काम सांगितलं तर नाही म्हणा.

नर्मदा४२

मुलींना या क्षेत्रात वाव आहे का?

माई_भांडुप

आहे, आणि माणसं कमी आहेत. बाईच्या देहाला स्नान घालायला, साडी नेसवायला घरच्या बायका पुष्कळदा घाबरतात, तिथे बाईच लागते. खासगी सेवांच्या फोनवरही मुली चांगलं काम करतात. रात्रीची ने-आण कंपनीची आहे का हे आधी ठरवून घ्यावं.

कागदपत्रे

खासगी सेवेत समन्वयकाची मुलाखत असेल तर फोनवरचं बोलणं ऐकतात. 'कसं झालं हो?' हा प्रश्न विचारायचा नाही. विचारायचं ते हे: आता कुठे आहेत, डॉक्टरांचा कागद झालाय का, मजला कितवा आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसतं का, बाहेरगावाहून कुणाची वाट बघायची आहे का, विधी कुठल्या पद्धतीने. वाट बघायची असेल तर शीतपेटी पाठवावी लागते. तिला स्वतंत्र सॉकेट हवा, स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डवर लावली की बोर्ड तापतो. सपाट जागेवर ठेवायची, आधी रिकामी चालवून थंड करायची, आणि दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकासाठी झाकण उघडायचं नाही, वरची काच त्यासाठीच असते.

मराठी, हिंदी आणि कामापुरती गुजराती येत असेल तर मुंबईत फार फरक पडतो. आणि निघताना 'पुन्हा सेवेची संधी द्या' म्हणायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण लोक म्हणतात.

खडूस_काका

मोबाइल. देहाचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, की त्याच दिवशी घरी. कुटुंबाने सांगितलं तर त्यांच्याच फोनवर काढून द्यायचा.

चिंचपोकळी_लोकल

शववाहिनीवर मदतनीस म्हणून आधी विचारतो मग. सोबत काय नेऊ दे त्याने?

दुसरीपाळी

लायसन्स, आधार, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स, दोन फोटो, पोलीस पडताळणीचा दाखला काढलेला असेल तर उत्तम. सकाळी लवकर जाऊ दे, दुपारी गाड्या बाहेर असतात आणि मालक फोनवर. चप्पल नको, पकड असलेले बूट घालून जाऊ दे. ओल्या जिन्यावरून उतरवता येतं का ते बघायला लगेच सोबत पाठवतात, तेव्हा पायाकडची बाजू धरायला सांगितली तर नाही म्हणू नये. उतरताना तो खालच्या अंगाला असतो, त्यामुळे जास्त भार त्याच्यावर येतो, पण पायऱ्या त्यालाच मोजाव्या लागतात. प्रत्येक वळणावर 'थांबा' हे त्यानेच मोठ्याने म्हणायचं.